शास्त्रज्ञाचं पब्लिकेशन रेकॉर्ड कसं वाचायचं: फील्ड बदललं की आकड्याचा अर्थही बदलतो

पीएचडीसाठी गाईड शोधताय, निवड समितीवर बसून कुणाचा अर्ज बघताय, बातमीसाठी तज्ज्ञ हवाय, किंवा नुसतं एखाद्या शास्त्रज्ञाचं नाव कानावर आलं आणि यांचं काम नक्की किती मोठं आहे हे बघायचंय. दर वेळी होतं काय, तर आपण नाव सर्च करतो, प्रोफाइल उघडतं, बाजूला दोन-तीन आकडे दिसतात आणि आपण तेवढ्यावरच मत बनवून मोकळे होतो. आकडे खोटे नसतात. पण गणितातल्या एकाचा एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांचे झालेले उल्लेख यांवरून काढलेला आकडा, हिशोब पुढे येतो) १५ आणि इम्युनॉलॉजीतल्या दुसऱ्याचा ४५ शेजारीशेजारी ठेवून दुसरा तिप्पट मोठा म्हणणं साफ चुकीचं आहे, आणि असल्या तुलनेवर लोकांच्या नोकऱ्या, प्रमोशन, संशोधनाचे पैसे ठरतात, म्हणून हे एकदा नीट शिकून घ्यायलाच हवं. अवघड काही नाही, दोन-तीन तास दिले की जमतं. मी सांगतो त्या क्रमाने जा, कारण पुढच्या पायऱ्या आधीच्या पायऱ्यांवर उभ्या आहेत.

आधी माणूस तोच आहे ना ते बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. वाय. वांग किंवा जे. ली या नावाने पेपर लिहिणारे शेकड्याने संशोधक आहेत. कुणाचं आडनाव लग्नानंतर बदलतं, कुणाचं नाव एका पेपरवर पूर्ण आणि दुसऱ्यावर फक्त आद्याक्षरं, कुणी मधलं नाव घालतं तर कुणी घालत नाही. गूगल स्कॉलर या गूगलच्या पेपर शोधायच्या सेवेवरच्या प्रोफाइलमध्ये नवीन पेपर आपोआप ॲड होण्याचं सेटिंग असतं, ते चालू ठेवून मालक वर्षानुवर्षं तिकडे फिरकला नाही तर भलत्याच लोकांचे पेपर त्यात येऊन बसतात, आणि यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही.

तपासायची सोपी रीत म्हणजे यादी वर्षानुसार लावा आणि सगळ्यात जुने पेपर बघा. पीएचडी २००९ ची आणि पहिला पेपर १९८१ चा असेल तर काहीतरी मिसळलंय. मग विषय बघा. दहा पेपर मातीतल्या बॅक्टेरियावर आणि मध्येच दोन पुलांच्या काँक्रीटवर असतील तर ते उघडून संस्थेचं नाव जुळतंय का पाहा. ऑर्किड नंबर मिळाला तर काम बरंच सोपं होतं. २०१२ पासून सुरू झालेला हा १६ आकडी ओळख क्रमांक आहे, शेवटचा आकडा कधीकधी इंग्रजी एक्स असतो, आणि नाव बदललं, संस्था बदलली, देश बदलला तरी तो तोच राहतो. फक्त एक लक्षात ठेवा, ऑर्किडच्या पानावर सायटेशन (म्हणजे दुसऱ्या पेपरांनी केलेले उल्लेख) मोजलेली नसतात, ते निव्वळ ओळखीसाठी आहे, आणि माणसाने स्वतः भरलं नसेल तर पान रिकामंही असू शकतं.

आकडा कुठून आला ते लिहून ठेवा

एकाच माणसाची सायटेशन तीन ठिकाणी तीन वेगवेगळी दिसतील आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. सायटेशन मोजण्याची ही सगळी पद्धत यूजीन गारफिल्ड यांच्यामुळे आली. १९५५ साली त्यांनी कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला, तेव्हा ते जाडजूड छापील खंड असायचे. त्यांचा हेतू मूळात शोधाशोध सोपी करण्याचा होता, म्हणजे एखादा जुना पेपर हातात असेल तर त्यावर पुढे कुणी काय काम केलं ते सापडावं. माणसांना मार्क द्यायचं काम त्याला नंतर चिकटलं. आजचं वेब ऑफ सायन्स त्याच घराण्यातलं, सध्या ते क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे. २००४ मध्ये एल्सव्हियरचं स्कोपस आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल स्कॉलर.

फरक असा की वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस जर्नल निवडून घेतात, त्यामुळे आकडा कमी पण आटोपशीर येतो. गूगल स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलने तपासून छापण्याआधीच खुले केलेले पेपर), रिपोर्ट, पुस्तकं असं जे शैक्षणिक वाटेल ते सगळं गोळा करतं, म्हणून आकडा जवळजवळ नेहमीच मोठा येतो, त्यात डुप्लिकेटही असतात. पण ज्या विषयांत पुस्तकं महत्त्वाची, तिथे गूगल जास्त न्याय देतं. पैसे भरायची सोय नसेल तर ओपनॲलेक्स वापरा, २०२२ मध्ये सुरू झालं, पूर्ण मोफत आणि खुलं आहे. शिवाय विषयाची स्वतःची दालनं आहेतच: हाय एनर्जी फिजिक्ससाठी इन्स्पायर, खगोलशास्त्रासाठी नासाचं एडीएस, गणितासाठी मॅथसायनेट. ज्या विषयाचा माणूस आहे तिथलं दालन आधी बघा असं मी म्हणेन, कारण त्या विषयातले लोक स्वतः तेच वापरतात.

नियम एकच, दोन माणसांची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच डेटाबेसमधून, एकाच दिवशी घ्या.

एच-इंडेक्स एकदा हाताने काढा

नुसती व्याख्या वाचून हे डोक्यात बसत नाही, म्हणून कागद घ्या. समजा एकाचे आठ पेपर आहेत आणि त्यांना मिळालेली सायटेशन मोठ्याकडून छोट्याकडे लावली तर अशी येतात: ४२, ३०, १८, ११, ९, ६, ५, ३. आता पहिल्यापासून मोजत जा. पाचव्या पेपरला ९ आहेत, ९ हे ५ पेक्षा जास्त, ठीक. सहाव्याला ६, बरोबर सहा, ठीक. सातव्याला ५, सातपेक्षा कमी, थांबा. एच-इंडेक्स ६. म्हणजे किमान सहा सायटेशन असलेले सहा पेपर.

आता यातल्या ४२ च्या जागी ४,२०० टाका आणि पुन्हा मोजा. उत्तर सहाच. एका पेपरने सगळं फील्ड हलवलं तरी या आकड्याला पत्ता नाही. आणि दुसरी बाजू अशी की हा आकडा कधीच खाली येत नाही, माणूस निवृत्त झाला तरी वाढत राहतो, त्यामुळे ३५ वर्षं काम केलेल्या आणि ७ वर्षं काम केलेल्या दोघांना यावर तोलणं म्हणजे वय मोजणं झालं. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हा इंडेक्स मांडला तेव्हाच त्याने करिअरच्या वर्षांनी भागायचा उपायही दिला होता. तो भागाकार फार थोडे लोक करतात, तुम्ही करा.

हर्शच्या त्याच पेपरमध्ये एक फार बोलकी गोष्ट आहे. भौतिकशास्त्रात त्याला सापडलेला सगळ्यात वरचा एच-इंडेक्स एडवर्ड विटन यांचा, ११०. जीवशास्त्राच्या यादीत सगळ्यात वर सॉलोमन स्नायडर, १९१. म्हणजे ज्याने इंडेक्स काढला त्यानेच पहिल्या दिवशी दाखवून दिलं की दोन फील्डची उंची वेगळी असते. विटन यांना फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला फार मोठा सन्मान, मिळालंय, तेव्हा त्यांचं काम स्नायडर यांच्या कामापेक्षा इतक्या टक्क्यांनी कमी असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण हेच आपण अनोळखी माणसांच्या बाबतीत बिनदिक्कत करतो.

फील्डमध्ये एवढा फरक पडतो कशामुळे

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण कारण कळलं की पुढे पाठ करायला काही उरत नाही.

बहुतेकांना वाटतं की मोठ्या फील्डमध्ये माणसं जास्त म्हणून सायटेशन जास्त. हे अर्धंच खरं. फील्ड मोठं असेल तर सायटेशन देणारे पेपर जास्त, पण ती मिळावीत म्हणून रांगेत उभे असलेले पेपरही तेवढेच जास्त, त्यामुळे सरासरीवर संख्येचा फारसा परिणाम होत नाही. फील्डच्या आकाराने फरक पडतो तो शिखरावर, म्हणजे मोठ्या फील्डमधला सगळ्यात गाजलेला पेपर छोट्या फील्डमधल्या गाजलेल्या पेपरपेक्षा कितीतरी उंच जाऊ शकतो. सरासरी ठरवणारी खरी गोष्ट आहे रेफरन्सची यादी. प्रत्येक पेपरच्या शेवटी किती जणांचा उल्लेख करायची पद्धत आहे? गणितात ही यादी छोटी, मॉलिक्युलर बायॉलॉजीत लांबलचक. जिथे प्रत्येक जण जास्त देतो तिथे प्रत्येकाला जास्त मिळतं, सरळ हिशोब आहे.

मग वेग. बायोमेडिकल विषयात पेपर आला की वर्षा-दोन वर्षांत त्याचे उल्लेख सुरू होतात, गणितात वीस वर्षांपूर्वीचा पेपर आजही ताजा मानून वापरतात. म्हणून जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, जो फक्त मागच्या दोन वर्षांतल्या पेपरांना चालू वर्षात मिळालेली सायटेशन मोजतो, तो गणिताच्या जर्नलवर अन्याय करतो, कारण दोन वर्षांत तिथे लोकांचा पेपर धड वाचूनही झालेला नसतो. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा आहे, माणसाचा नाही, पेपरचाही नाही. कुणी आपल्या पेपरांच्या जर्नलचे इम्पॅक्ट फॅक्टर बेरीज करून अर्जात लिहिले असतील तर ती बेरीज सोडून द्या, तिला काहीच अर्थ नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी नेमकं हेच सांगणारं डोरा नावाचं निवेदन तयार केलं, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून हजारो संस्थांनी त्यावर सही केली आहे. सही केलेल्या संस्थांनी ते पाळावं एवढीच माझी इच्छा आहे.

तिसरं कारण, काम कुठे छापतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये मोठं काम कॉन्फरन्समध्ये येतं, जर्नलमध्ये नाही, त्यामुळे फक्त जर्नल मोजलीत तर मशीन लर्निंगमधल्या चांगल्या संशोधकाचं रेकॉर्ड रिकामं दिसेल. इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा यांत पुस्तक हेच मुख्य. आणि गणित-भौतिकशास्त्रात १९९१ पासून आर्काइव्ह नावाच्या खुल्या साइटवर प्रीप्रिंट टाकायची रीत आहे. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी प्वांकारे कंजेक्चर या गणितातल्या प्रसिद्ध प्रश्नाची सिद्धता २००२ आणि २००३ मध्ये तीन प्रीप्रिंटमधून आर्काइव्हवर टाकली आणि कुठल्याही जर्नलकडे पाठवलीच नाही. शंभर वर्षं न सुटलेला प्रश्न सुटला, आणि जर्नलच्या यादीत ते तीन पेपर नाहीतच.

मग तुलना करायची कशी

फील्डनुसार बरोबर केलेला आकडा बघायचा. स्कोपसमध्ये पेपरच्या पानावर फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट दिसतो. त्यामागचा विचार साधा आहे: त्याच वर्षी, त्याच विषयात, त्याच प्रकारचे जगभरातले जे पेपर आले त्यांना सरासरी किती सायटेशन मिळाली, आणि याला किती, दोन्हीचा भागाकार. १ म्हणजे सरासरीइतका, २ म्हणजे दुप्पट. समजा एका सेल बायॉलॉजीच्या पेपरला ३० आहेत आणि तिथली सरासरी २५, तर १.२. गणिताच्या पेपरला १२ आणि तिथली सरासरी ६, तर २. म्हणजे १२ वाला पेपर आपल्या घरात ३० वाल्यापेक्षा पुढे आहे. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण प्रत्यक्षातही असंच उलटंपालटं निघताना दिसेल.

प्रकार हा शब्द सोडू नका. रिव्ह्यू पेपरला मूळ संशोधनाच्या पेपरपेक्षा जास्त सायटेशन मिळतात, कारण लोक प्रस्तावनेत एकाच जागी सगळं सापडणारा पेपर देतात. म्हणून रिव्ह्यू रिव्ह्यूशीच तोला.

सरासरीचा एक धोका आहे. दहा पेपरांतल्या एकाचा हा भागाकार ४० आला आणि बाकी नऊंचा ०.५ असला तरी सरासरी चारच्या वर दिसते. म्हणून मला स्वतःला पर्सेंटाइल जास्त भरवशाचं वाटतं, म्हणजे या माणसाचे किती पेपर त्या विषयातल्या त्या वर्षाच्या वरच्या १० टक्क्यांत आहेत. शंभरातले १० असतील तर तो जगाच्या सरासरीवर आहे, २५ असतील तर चांगलाच पुढे. ओपनॲलेक्समध्ये हे पर्सेंटाइल फुकट मिळतं. वैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या पेपरांसाठी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं आयसाइट आहे, तेही फुकट. तिथला रिलेटिव्ह सायटेशन रेशो फील्ड ठरवतो तो जर्नलवरून नाही तर त्या पेपरसोबत इतर कुठल्या पेपरांचा उल्लेख होतो त्यावरून, ही कल्पना मला फार आवडते, कारण पेपरचे खरे शेजारी तेच असतात.

हे आकडेही देवाने दिलेले नाहीत. फील्डची विभागणी बहुधा जर्नलवरून होते, आणि एखाद्या मेडिकल जर्नलमध्ये छापलेला शुद्ध संख्याशास्त्राचा पेपर मेडिकलच्याच रांगेत उभा राहतो.

एकाच माणसाची दोन-तीन फील्ड असतील तर

आजकाल हे फार कॉमन आहे आणि सगळ्यात जास्त अन्याय याच लोकांवर होतो, तेव्हा हे जवळून बघू. समजा एक बायोस्टॅटिस्टिशियन, म्हणजे वैद्यकीय संशोधनासाठी संख्याशास्त्र वापरणाऱ्या, बाई आहेत. ५८ पेपर, एकूण ६,२०० सायटेशन. ऐकायला दणदणीत. आता स्प्रेडशीट उघडा, प्रत्येक पेपरसमोर विषय लिहा आणि गट पाडा. निघतं असं: संख्याशास्त्राच्या थिअरीचे १२ पेपर, त्यांना मिळून २४० सायटेशन. हॉस्पिटलच्या टीमसोबतचे ४१ पेपर, मिळून २,८६०. आणि सॉफ्टवेअर-मेथडचे ५ पेपर, ३,१००, त्यातले २,९०० एकट्या एका पेपरला.

नुसते आकडे बघणारा म्हणेल थिअरीपेक्षा हॉस्पिटलचं काम मोठं, तिथे पेपरमागे साधारण ७० आणि थिअरीत फक्त २०. पण पर्सेंटाइल लावा. थिअरीच्या १२ पैकी ३ पेपर आपल्या विषयाच्या वरच्या १० टक्क्यांत, म्हणजे चारातला एक. हॉस्पिटलच्या ४१ पैकीही ३ च, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा थोडं खालीच. वर तिथे त्यांचं नाव बहुतेक वेळा लेखकांच्या मधोमध आहे, थिअरीत पहिलं किंवा एकटं. म्हणजे या बाईंची खरी ताकद त्या २४० सायटेशनमध्ये आहे, जी ६,२०० च्या बेरजेत पार दिसेनाशी झाली होती. आणि त्यांना सॉफ्टवेअरसाठी ओळखलं जात असेल तर तो तिसराच, वेगळ्याने मांडायचा मुद्दा. गट पाडायला एक संध्याकाळ जाते. निवड समितीवर असाल तर ती संध्याकाळ द्याच.

नावांचा क्रम

सायटेशन पूर्ण पेपरला मिळतं आणि सगळ्या लेखकांच्या खात्यात पूर्णच जमा होतं, दोन लेखक असोत की दोन हजार. २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या ॲटलस आणि सीएमएस गटांनी मिळून हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाचा पेपर छापला, त्यावर ५,१५४ लेखक होते आणि ३३ पानांपैकी २४ पानं नावं आणि संस्थांचीच होती. या दोन्ही गटांचे हजाराहून जास्त पेपर झालेत आणि गटातल्या माणसाचं नाव त्यातल्या ढीगभर पेपरांवर येतं, तो तिथला नियमच आहे. अशा तरुण संशोधकाचा एच-इंडेक्स बघून दुसऱ्या फील्डच्या लोकांनी छाती दडपून घेऊ नये, आणि त्याला लबाडही म्हणू नये. त्याने नेमकं काय केलं ते गटाच्या आतल्या नोट्स आणि शिफारसपत्रांतून कळतं.

जीवशास्त्रात पहिलं नाव म्हणजे ज्याने हाताने काम केलं तो, शेवटचं नाव म्हणजे लॅबचा प्रमुख. गणितात आणि अर्थशास्त्रात बहुतेक वेळा आडनावाच्या अक्षरानुसार क्रम, त्यामुळे पहिलं नाव कुणाचं याला काडीचा अर्थ नाही. बऱ्याच जर्नलमध्ये आता क्रेडिट नावाची पद्धत असते, १४ भूमिका ठरलेल्या आहेत, कल्पना कुणाची, डेटा कुणी जमवला, लिहिलं कुणी वगैरे. पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात असतं, ते वाचा.

वरचे पाच पेपर उघडा, खरंच उघडा

आकड्यांनी तुम्हाला कुठे बघायचं ते सांगितलं, आता बघायचं काम आपलं. सगळ्यात जास्त सायटेशनवाले पाच पेपर घ्या आणि प्रत्येकाला ती का मिळाली ते शोधा.

मेथड असेल तर आकडा आभाळाला टेकतो. १९५१ मधला ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा प्रोटीन मोजायच्या पद्धतीचा पेपर, तीन लाखांच्या वर सायटेशन, जगातल्या सगळ्यात जास्त उल्लेख झालेल्या पेपरांत त्याचं नाव पहिलं घेतलं जातं. खुद्द लॉरींनी लिहून ठेवलंय की आपल्याला माहीत आहे हा काही महान पेपर नाही, पण लोक वापरतात याचा मनातून आनंद होतो. उपयोगी असणं ही मोठीच गोष्ट आहे, त्यात कमीपणा नाही, फक्त मोठा शोध आणि मोठी सोय यांत फरक करता आला पाहिजे.

उल्लेख म्हणजे कौतुक असंही नाही. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला, लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण त्याचे उल्लेख भरपूर, त्यातले खूपसे तो चुकीचा आहे हे सांगणारे. म्हणून ‘साइटेड बाय’ वर क्लिक करून निदान दहा पेपरांत त्या उल्लेखाच्या आजूबाजूचं वाक्य वाचा. लोक या कामावर पुढचं काम उभं करतायत, की प्रस्तावनेत पाच नावांच्या कंसात हेही एक नाव कोंबलंय, की वाद घालतायत, दहा वाक्यांत अंदाज येतो.

आणि कमी पेपर दिसले म्हणून पान बंद करू नका. पीटर हिग्ज यांनी हिग्ज बोसॉनवरच्या १९६४ च्या त्या गाजलेल्या कामानंतर उरलेल्या आयुष्यात दहाही पेपर काढले नाहीत, नोबेल मिळालं २०१३ मध्ये. मेंडेल यांचा वाटाण्याच्या रोपांवरचा पेपर १८६६ मध्ये छापून आला आणि त्याकडे नीट लक्ष गेलं १९०० मध्ये. नवीन माणसाच्या दोन वर्षांच्या रेकॉर्डवरून काहीही ठरवता येत नाही, तिथे पेपर वाचणं एवढा एकच मार्ग आहे.

सेल्फ-सायटेशन, मागे घेतलेले पेपर आणि लिस्ट

स्वतःच्या आधीच्या कामाचा उल्लेख करणं रास्तच आहे, एकाच प्रश्नावर वीस वर्षं काम करणारा माणूस दुसऱ्या कुणाचा करणार. छोट्या फील्डमध्ये प्रमाण जास्त असतं, तेव्हा पुन्हा फील्डशीच तुलना. शंका घ्यावी अशी वेळ म्हणजे सायटेशन अचानक उसळतात आणि उल्लेख करणारे तेच चार-पाच लेखक किंवा तीच दोन जर्नल असतात. २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटने आपल्या हायली साइटेड रिसर्चर्स यादीतून गणिताची अख्खी कॅटेगरीच वगळली, कारण तिथली सरासरी इतकी कमी की थोडी ठरवून केलेली सायटेशनही माणसाला वर नेतात.

मागे घेतलेले पेपर रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये शोधा, २०२३ मध्ये पेपरांची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने तो घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. सापडला तर कारण वाचल्याशिवाय मत बनवू नका. २०१८ च्या नोबेलविजेत्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी जानेवारी २०२० मध्ये स्वतःहून जाहीर सांगितलं की आमच्या पेपरमधले निकाल पुन्हा येत नाहीत, आणि पेपर मागे घेतला. याला मी रेकॉर्डवरचा डाग नाही म्हणणार, उलट विश्वास वाढवणारी गोष्ट म्हणेन.

आता जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांची ती लिस्ट, जिच्या बातम्या दरवर्षी येतात. ती पुरस्कार नाही. जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये स्कोपसच्या डेटावरून सुरू केलेला तो टेबल आहे. त्यात सी-स्कोअर असतो, सहा गोष्टींचा: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांचा हिशोब धरलेला एच-इंडेक्स, आणि एकट्याने, एकट्याने किंवा पहिल्या नावाने, एकट्याने-पहिल्या-शेवटच्या नावाने लिहिलेल्या पेपरांची सायटेशन. विज्ञानाची २२ फील्ड आणि १७४ उपफील्ड केलेली आहेत, सेल्फ-सायटेशन धरून आणि वगळून दोन्ही आकडे आहेत. काम मेहनतीचं आणि उपयोगी आहे. बघायचं एवढंच की तुमचा माणूस करिअरच्या टेबलमध्ये आहे की एका वर्षाच्या, कारण दोन्ही वेगळे आहेत, आणि उपफील्डमध्ये कितवा आहे. सगळ्या विज्ञानातला एकूण क्रमांक बघण्यात वेळ घालवू नका. आणि लेखकांचा क्रम मोजणारा हा स्कोअर, अक्षरानुसार नावं लावणाऱ्या फील्डमध्ये आडनावाच्या पहिल्या अक्षरालाही मार्क देतो हे ध्यानात असू द्या.

लिहून कसं ठेवायचं

शेवटी एक परिच्छेद लिहा, टेबल नको. वरच्या बाईंचाच घेतला आणि त्यांचे हॉस्पिटलचे पेपर एपिडेमिऑलॉजीत (रोग कसे पसरतात याचा अभ्यास) धरले तर साधारण असा: ‘पीएचडीनंतर ११ वर्षं. मुख्य फील्ड संख्याशास्त्र, दुसरं एपिडेमिऑलॉजी. ओपनॲलेक्सप्रमाणे, अमुक तारखेला, संख्याशास्त्राच्या १२ पेपरांपैकी ३ वरच्या १० टक्क्यांत, बहुतेकांवर पहिलं किंवा एकटं नाव. एपिडेमिऑलॉजीत ४१ पेपर, भूमिका विश्लेषणाची. एका सॉफ्टवेअरचा मोठा वापर. वाचलेले पेपर: हे पाच, प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं.’ तारीख आणि डेटाबेस न चुकता, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी दुसरा आकडा घेऊन भांडायला येतो.

आणि शक्य असेल तिथे हा परिच्छेद त्या शास्त्रज्ञाला पाठवा. संशोधन मोजताना काय पाळावं हे सांगणाऱ्या, २०१५ मध्ये आलेल्या लीडन मॅनिफेस्टोच्या दहा तत्त्वांपैकी एक हेच आहे की ज्याचं मूल्यमापन होतंय त्याला आपला डेटा तपासायला मिळाला पाहिजे. पाठवताना सरळ विचारा: यातला कुठला पेपर तुमचा नाही, कुठला राहिला, आणि ज्या कामाची तुम्हाला सगळ्यात जास्त किंमत वाटते ते यात आलंय का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की तो पेपर डाउनलोड करून तुमच्या पाच पेपरांच्या यादीत सहावा म्हणून वाचायला घ्या, सायटेशन कितीही असोत.